लेक ऑफिसला, आई मॅनहॅटनला

एप्रिल-मे उजाडला की मुंबईहून न्यू जर्सीकडे निघणाऱ्या विमानांत आई-बाबांची गर्दी वाढते. एडिसन, जर्सी सिटी नाहीतर पार्सिपनीतलं घर, पाच-सहा महिन्यांचा मुक्काम, आणि सकाळी आठ वाजले की लेक-जावई कामावर. पहिले काही दिवस डिशवॉशर आणि नातवंडांच्या शाळेचं वेळापत्रक समजून घेण्यात जातात. मग एक विचार मनात घोळायला लागतो. तासाभरावर न्यूयॉर्क आहे, तर एकट्याने जाऊन यायला काय हरकत आहे?

त्यामागोमाग ठरलेल्या शंका येतात. रस्ता चुकला तर? इंग्रजी अडलं तर? मध्येच बाथरूमला जायचं झालं तर? पोलिसाने कागद मागितले तर? मुलं म्हणतात, "थांबा, शनिवारी सगळे जाऊ." शनिवार येतो, गाडी लावायला जागा शोधण्यात दीड तास जातो, टाइम्स स्क्वेअरला चार फोटो निघतात आणि न्यूयॉर्क 'झालं' म्हणून सगळे परततात. तुम्हाला दोन-तीन तास सावकाश चालता येत असेल आणि मोबाइल वापरता येत असेल, तर त्या शनिवारची वाट पाहत बसायची गरज नाही.

आधी शहराचा हिशोब

मॅनहॅटन हे लांबट, चिंचोळं बेट आहे. १८११ साली आखलेल्या नकाशाप्रमाणे त्याचा बहुतेक भाग चौकटींत कापलेला आहे. उत्तर-दक्षिण जातात त्या अव्हेन्यू, पूर्व-पश्चिम जातात त्या स्ट्रीट. स्ट्रीटचे आकडे उत्तरेकडे वाढत जातात, अव्हेन्यूचे पश्चिमेकडे. त्यामुळे दोन कोपरे ओलांडून पाटी वाचली की आपण बरोबर दिशेने चाललोय की उलट, हे लगेच कळतं. फिफ्थ अव्हेन्यू शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करते, म्हणून पत्त्यात 'ईस्ट' की 'वेस्ट' हे नीट पाहा. तेवढी चूक झाली तर निष्कारण मैलभर चालणं होतं.

उत्तर-दक्षिण चालताना साधारण वीस स्ट्रीट म्हणजे एक मैल, दीड किलोमीटरहून थोडं जास्त. दोन अव्हेन्यूंमधलं अंतर मात्र बऱ्याच ठिकाणी दोन स्ट्रीटमधल्या अंतराच्या तिप्पट असतं. "अजून तीनच ब्लॉक" असं कुणी म्हणालं, तर कुठल्या दिशेचे ते विचारून घ्या.

ही शिस्त चौदाव्या स्ट्रीटच्या खाली ढिली पडते. ग्रीनिच व्हिलेजमध्ये तर वेस्ट फोर्थ स्ट्रीट चक्क वेस्ट टेन्थ, इलेव्हन्थ आणि ट्वेल्फ्थ स्ट्रीटला आडवी जाते. तिथे आकड्यांवर विसंबू नका, नकाशा उघडा.

फोनवर मुलीला आपला ठावठिकाणा सांगायचा तर कोपऱ्यावर उभं राहून दोन्ही पाट्या वाचा: "फिफ्थ आणि फॉर्टी-सेकंड." पत्ता पूर्ण झाला. सेंट्रल पार्कात पाट्या नसतात, पण तिथल्या दिव्याच्या प्रत्येक खांबावर चार आकड्यांची छोटी पट्टी असते. पहिले दोन आकडे जवळच्या स्ट्रीटचे. शेवटचा आकडा सम असेल तर तुम्ही बागेच्या पूर्व बाजूला आहात, विषम असेल तर पश्चिमेला. ८४३ एकरांच्या बागेत झाडीमुळे दिशा चुकतेच, तेव्हा ही पट्टी फार कामाची.

न्यू जर्सीहून येणं-जाणं

एडिसन, मेटचेन किंवा मेट्रोपार्कहून न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी थेट न्यूयॉर्क पेन स्टेशनला जाते. तिकीट चढण्यापूर्वी मशीनवर किंवा अ‍ॅपवर काढा. मशीन असलेल्या स्टेशनवरून विनातिकीट चढलात तर गाडीत जादा आकार भरावा लागतो. ६२ वर्षांपासून पुढे सवलतीचं तिकीट मिळतं, मात्र वयाचा पुरावा जवळ हवा. नेवार्कलाही एक 'पेन स्टेशन' आहे आणि ते आधी येतं. नुसतं 'पेन स्टेशन' ऐकून उठू नका, 'न्यूयॉर्क' हा शब्द ऐकू आला की उठा.

परतताना गाडीचा ट्रॅक सुटण्याच्या थोडाच वेळ आधी फलकावर झळकतो आणि मग एकच पळापळ होते. त्या गर्दीत शिरण्याची गरज नाही. संध्याकाळी चार ते सातची वेळ टाळली तर बसायलाही जागा मिळते. साडेनऊच्या सुमारास निघून साडेतीनला परतीची गाडी धरणं हे उत्तम वेळापत्रक.

जर्सी सिटीकरांना पाथची गाडी सोयीची. जर्नल स्क्वेअरहून एक फाटा वर्ल्ड ट्रेड सेंटरला जातो, दुसरा तेहतिसाव्या स्ट्रीटला. पाथ आणि न्यूयॉर्कचा सबवे या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. एकीचं भाडं दुसरीत चालत नाही, पुन्हा भरावं लागतं.

पाय दुखले की सबवे आहेच. बँकेचं टॅप होणारं कार्ड किंवा फोन फाटकावर टेकवला की झालं. भाडं तीन डॉलरच्या आसपास. दर वेळी तेच कार्ड वापरा, म्हणजे दोन तासांच्या आत सबवेतून बसमध्ये बदल फुकट मिळतो. 'अपटाउन' म्हणजे उत्तरेकडे, 'डाउनटाउन' म्हणजे दक्षिणेकडे. काही स्टेशनांत दोन दिशांचे जिने रस्त्याच्या दोन बाजूंना असतात आणि आतून पलीकडे जाता येत नाही, म्हणून उतरण्यापूर्वी जिन्यावरची पाटी वाचा. एक्स्प्रेस आणि लोकलचा फरक दादर-ठाण्याच्या प्रवाशांना समजवायला नको.

एकटं असताना प्लॅटफॉर्मच्या मधोमध, वर काळे-पांढरे पट्टे असलेला फलक टांगलेला दिसतो तिथे उभे राहा. कंडक्टरचा डबा बरोबर त्या फलकासमोर थांबतो. गाडी थांबली की कंडक्टर खिडकीतून हात काढून त्या पट्ट्याकडे बोट दाखवतो, तसा नियमच आहे.

एका दिवसाला एकच पट्टा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे यादी करणं. एम्पायर स्टेट, पुतळा, पूल, संग्रहालय असं सगळं एका दिवसात कोंबलं की निम्मा वेळ भुयारात जातो. त्यापेक्षा शहराचा एक तुकडा घ्या, सपाट बुटांनी चाला आणि घरी या. पुढचा तुकडा पुढच्या मंगळवारी. तुमच्याकडे सहा महिने आहेत. पर्यटकाकडे चार दिवस असतात, त्याची घाई तुम्ही कशाला करता?

*पहिल्या खेपेला: पेन स्टेशन ते सेंट्रल पार्क.* सेव्हन्थ अव्हेन्यूच्या दाराने बाहेर पडा, पूर्वेला फिफ्थ अव्हेन्यूपर्यंत या आणि उत्तरेला वळा. बेचाळिसाव्या स्ट्रीटवर सार्वजनिक ग्रंथालय आणि त्यामागे ब्रायंट पार्क. ग्रंथालयात प्रवेश मोफत आहे, थोडा वेळ बसा. तिथून पूर्वेला पाच-सात मिनिटांवर ग्रँड सेंट्रल, १९१३ सालचं रेल्वे स्टेशन. त्याच्या छतावर रंगवलेलं तारांगण उलटं आहे, ही चूक उघड असूनही कुणी दुरुस्त केलेली नाही. परत फिफ्थ अव्हेन्यूवर येऊन एकोणसाठाव्या स्ट्रीटपर्यंत चाललात की बागेचा कोपरा लागतो. आडवळणं धरून एकूण तीनेक किलोमीटर, सपाट रस्ता आणि हरवायला जवळजवळ वाव नाही.

*दुसऱ्या खेपेला: हाय लाइन.* मालगाड्यांचा जुना उन्नत लोहमार्ग २००९ पासून टप्प्याटप्प्याने बाग म्हणून खुला झाला. चौतिसाव्या स्ट्रीटपासून गॅन्सव्होर्ट स्ट्रीटपर्यंत सव्वादोन किलोमीटर. वाहनं नाहीत, बसायला बाकं आहेत, काही ठिकाणी लिफ्ट आहे, तिकीट नाही. गुडघ्यांची कुरकुर असणाऱ्यांनी हीच वाट आधी निवडावी. खाली उतरून व्हिलेजच्या वाकड्या गल्ल्यांतून वॉशिंग्टन स्क्वेअर आणि तिथून उत्तरेला युनियन स्क्वेअर गाठता येतो. तिथे काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचा पुतळा १९८६ पासून उभा आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी त्याच चौकात शेतकऱ्यांचा बाजार भरतो.

*तिसरी वाट: दक्षिण टोक.* वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरा. जुन्या मनोऱ्यांच्या जागी केलेल्या दोन जलकुंडांपाशी जायला पैसे पडत नाहीत, तिकीट आहे ते शेजारच्या संग्रहालयाला. मग ब्रॉडवेने दक्षिणेला. वॉल स्ट्रीटवर फेडरल हॉल लागतो; वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये अध्यक्षपदाची शपथ याच जागी घेतली. पुढे बोलिंग ग्रीनजवळच्या जुन्या कस्टम हाउसमध्ये अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं संग्रहालय आहे, तेही मोफत आणि बहुधा निवांत. शेवटी स्टेटन आयलंडची फेरी: पंचवीस मिनिटांचा प्रवास, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या समोरून, एक पैसाही न देता. पुतळ्याच्या पायथ्याशी जायचा हट्ट नसेल तर हाच व्यवहार शहाणपणाचा.

ब्रुकलिन ब्रिज ओलांडायचा तर ए किंवा सी गाडीने पलीकडे हाय स्ट्रीटला उतरा आणि मॅनहॅटनच्या दिशेने चालत या, म्हणजे उंच इमारती सतत समोर राहतात. सायकलींना आता खाली वेगळी मार्गिका आहे, त्यामुळे वरची वाट फक्त चालणाऱ्यांची. रमतगमत पाऊण तास. सावली नाही, टोपी घ्या.

एकटं जायचं, पण अगदी एकटं नको वाटत असेल तर 'बिग अ‍ॅपल ग्रीटर' ही संस्था आहे. स्थानिक स्वयंसेवक तुम्हाला त्यांच्या आवडत्या वस्तीतून मोफत चालवून आणतात. नाव मात्र काही आठवडे आधी नोंदवावं लागतं.

रस्ता ओलांडताना

इथे गाड्या उजवीकडून चालतात. म्हणजे फुटपाथवरून उतरताना पहिली गाडी डावीकडून येते आणि आपली मान जन्मभराच्या सवयीने उजवीकडे वळते. काही दिवस मुद्दाम मनात म्हणत चला: आधी डावीकडे.

- पादचारी सिग्नलवरचा लाल हात लुकलुकायला लागला की नव्याने रस्ता ओलांडायला सुरुवात करू नका. अर्ध्यात असाल तर पुढे जा.
- सायकलींच्या मार्गिकेत विजेवरच्या सायकली आवाज न करता येतात, कधी उलट्या दिशेनेही. तिथे दोन्हीकडे पाहा.
- न्यूयॉर्क शहरात लाल दिव्याला उजवीकडे वळायला, तशी पाटी नसेल तर, मनाई आहे. न्यू जर्सीत ते चालतं. घराजवळच्या सिग्नलला म्हणूनच जास्त सावध राहा.
- सिग्नल तोडून किंवा चौकाशिवाय रस्ता ओलांडणं फेब्रुवारी २०२५ पासून न्यूयॉर्क शहरात गुन्हा राहिलेला नाही. पण वाहनाला वाट देण्याची जबाबदारी तुमचीच. न्यू जर्सीत दंड होऊ शकतो.
- दुकानांसमोर फुटपाथमध्येच तळघराची लोखंडी झडप असते. माल उतरवताना ती उघडी राहते. फोनमध्ये डोकं घालून चालू नका.

बाथरूम, पाणी, पोट

पहिल्या प्रश्नाबद्दल उघड बोललं जात नाही, आणि पाणी न पिता दिवसभर फिरण्याचा मार्ग पत्करला जातो. तसं करू नका. 'रेस्टरूम' कुठे, एवढंच विचारायचं. ब्रायंट पार्कचं स्वच्छतागृह इतकं नीटनेटकं की आत ताजी फुलं ठेवलेली असतात. ग्रंथालय, ग्रँड सेंट्रलचा खालचा मजला, मेसीजसारखी मोठी दुकानं, पेन स्टेशनसमोर आठव्या अव्हेन्यूपलीकडचा मॉयनिहन हॉल, फेरीचं धक्क्यावरचं टर्मिनल, मोफत संग्रहालयं, या सगळ्या हक्काच्या जागा. सबवे स्टेशनांवर विसंबू नका.

नळाचं पाणी बिनधास्त प्या. घरची बाटली भरून न्या आणि बागेत पुन्हा भरा.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर सव्विसाव्या स्ट्रीटपासून पुढे दोन-चार ब्लॉक भारतीय हॉटेलांची रांग आहे, त्या भागाला लोक 'करी हिल' म्हणतात. कुठल्याही कोपऱ्यावर पिझ्झ्याची फोड मिळते. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही, "नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग" असं सगळं मोजून सांगा. घरून पोळीभाजीचा डबा नेलात तर बागेतल्या बाकावर बसून खायला कुणाची आडकाठी नाही.

बिलात छापील किमतीवर विक्रीकर चढतो, साधारण पावणेनऊ टक्क्यांहून थोडा जास्त. टेबलावर वाढणाऱ्या हॉटेलात १८ ते २० टक्के टिप देण्याची रीत आहे. काउंटरवरून कॉफी घेतल्यावर पडदा तुमच्याकडे फिरवला तरी 'नो टिप' दाबण्यात संकोच नको.

इथे खिसा सांभाळा

मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाच्या बॅटरी बागेजवळ जाकिटं घालून फिरणारे लोक स्टेटन आयलंड फेरीचं तिकीट विकतात. ती फेरी फुकट आहे. पुतळ्याच्या बेटाचं तिकीटही रस्त्यावर घेऊ नका. ते तिथल्याच कॅसल क्लिंटनच्या खिडकीवर किंवा अधिकृत संकेतस्थळावरच घ्या. टाइम्स स्क्वेअरमध्ये अस्वलाच्या किंवा बाहुल्याच्या वेशातला माणूस गळ्यात हात टाकून फोटो काढतो आणि लगेच पैसे मागतो. कुणी हातात सीडी ठेवतो.

भगवे कपडे घातलेला 'भिक्खू' मणी किंवा ताईत पुढे करतो आणि देणगीची वही उघडतो. आपल्या पिढीचा हात इथे हमखास खिशाकडे जातो. भगव्याला नाही कसं म्हणायचं! हात मागे बांधा, "नो, थँक यू" म्हणा आणि चालत राहा. हातात घेतलेली वस्तू परत देणं फार अवघड जातं.

कागदपत्रं, पोलिस आणि तुमचे हक्क

अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा सतत जवळ ठेवावा, असा अमेरिकेचा कायदा आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्यांसाठी हा पुरावा म्हणजे आय-९४. तो सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून मोफत छापता येतो. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे. किती दिवस राहता येईल ही तारीखही आय-९४ वरचीच धरायची, व्हिसाच्या शिक्क्यावरची नव्हे. दोन्हींतला घोळ महागात पडतो.

पर्समध्ये एवढं असू द्या: आय-९४ ची छापील प्रत, पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स, विम्याचं कार्ड, आणि कागदावर हाताने लिहिलेले मुलांचे दोन फोन नंबर. फोनची बॅटरी संपते, कागदाची नाही. रस्त्यावर ठिकठिकाणी लिंक-एनवायसीचे उंच खांब आहेत, तिथून देशांतर्गत फोन आणि वायफाय मोफत आहे, चार्जिंगची सोयही असते.

पोलिसाने थांबवलं तर शांत राहा आणि "अ‍ॅम आय फ्री टू गो?" असं विचारा. होकार मिळाला तर चालू लागा. गप्प राहण्याचा हक्क परदेशी माणसालाही आहे, पण खोटं बोलू नका आणि न समजलेल्या कागदावर सही करू नका. सबवेच्या दाराशी पिशवी तपासायला मागितली तर नकार देता येतो. मग त्या फाटकातून आत जाता येत नाही, इतकंच. सार्वजनिक जागी फोटो काढायला मोकळीक आहे. अटक झालीच, तर भारतीय वकिलातीला कळवा असं सांगण्याचा हक्क व्हिएन्ना कराराने दिलेला आहे. वकिलातीचा पत्ता: ३ ईस्ट चौसष्टावी स्ट्रीट, म्हणजे फिफ्थ अव्हेन्यूला लागूनच.

तब्येत बिघडली तर

तातडीसाठी ९११, शहराच्या साध्या चौकशीसाठी ३११. दोन्हीकडे हिंदी दुभाषा मागता येतो. १९८६ च्या कायद्यानुसार रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाने विमा असो-नसो, रुग्णाची तपासणी करून प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल मात्र येतं, आणि रुग्णवाहिकेचंही येतं. पाय मुरगळला, ताप आला अशा गोष्टींसाठी 'अर्जंट केअर' पुष्कळ स्वस्त. औषधांची यादी दुकानातल्या नावाने न करता मूळ रसायनाच्या नावाने करा. आपलं पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन आहे, क्रोसिन म्हणून कुणाला कळणार नाही.

आपल्या माणसांच्या वाटेने

शहर अंगवळणी पडलं की आणखी दोन ठिकाणं. पेन स्टेशनहून १ नंबरची सबवे थेट ११६व्या स्ट्रीटला, कोलंबिया विद्यापीठाच्या दारात नेते. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये इथेच आले आणि तीन वर्षं शिकले. विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. अलीकडे आवारात प्रवेश ओळखपत्रधारकांपुरता मर्यादित केलेला आहे, तेव्हा आधी संकेतस्थळ पाहा किंवा ओळखीच्या विद्यार्थ्याला पाहुणा म्हणून नोंद करायला सांगा. प्रवेश नाही मिळाला तरी शेजारचा रिव्हरसाइड पार्क आणि हडसनचा काठ कुणी अडवत नाही.

ब्रुकलिन ब्रिज २४ मे १८८३ ला खुला झाला आणि लगेचच्या जूनमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्या अस्थी पोकीप्सी गावच्या रूरल सिमेटरीत, त्यांच्या यजमान कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत; हे दुसरं ठिकाण. ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थच्या हडसन लाइनने सुमारे दोन तास. जाताना डावीकडची खिडकी धरा, नदी बराच वेळ सोबत असते. स्टेशनपासून दफनभूमीकडचा रस्ता मोटारींचा आहे, तिथे पायी जाऊ नका, टॅक्सी करा. कार्यालयात आनंदीबाईंचं नाव सांगून जागा कुठे ते विचारा. टॅक्सी सोडण्यापूर्वी परतीसाठी ती पुन्हा कधी येणार हे ठरवून घ्या, कारण गेटवर रिकामी टॅक्सी मिळत नाही.